गोल आकड्यांची तीन पानं

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
काल रात्री पाच वेळा उठलो. थंडी सुरू झाली आहे, दुसरं काही नाही. शिवाय गंगापूर धरणाचं पाणी मुळातच हलकं, पोटात ठरत नाही. सुधाला हे समजावलं. ती म्हणाली, तेच पाणी मीही पिते. बायकांची प्रकृती वेगळी असते असं सांगून विषय संपवला.
संकल्प : संध्याकाळी सहानंतर पाणी बंद. चहा यात धरायचा नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार
संकल्प तंतोतंत पाळला. चहा तीन कप झाला. रात्री पाच वेळा.
कट्ट्यावर सोमनाथने रविवारच्या नाटकाची तिकिटं काढतोय म्हणून विचारलं. हल्लीची नाटकं बघवत नाहीत असं सांगितलं. खरं म्हणजे दाराजवळची खुर्ची शिल्लक नव्हती. (हे वाक्य नंतर खोडणे.)

५ नोव्हेंबर, बुधवार
घोटीहून दत्तू आला, नवा तांदूळ घेऊन. सातपूरच्या कारखान्यात तो लेथवर होता आणि मी क्वालिटी इन्स्पेक्टर. एकतीस वर्षं. माझ्या सहीशिवाय एक बोल्ट गेटाबाहेर गेला नाही. दत्तूच्या मोजमापाचं पान एकदा मी सगळ्यांसमोर फाडलं होतं, कारण त्यात ओळीने गोल आकडे होते. खरं माप कधी गोल येत नाही. गोल आकडे दिसले की समजायचं, माणूस न मोजता स्टुलावर बसून लिहितोय. ही गोष्ट आज सुधाला पुन्हा सांगितली. तिला पाठ आहे.
दत्तू दोन तास होता. त्यात मी चारदा आत जाऊन आलो. त्याने ते मोजलं, जित्याची खोड. म्हणाला, त्यालाही दोन वर्षांपूर्वी हेच झालं होतं, पहिल्याच आठवड्यात बायकोला सांगितलं, डॉक्टर गाठला, गोळ्यांवर भागलं. मग सुधा ऐकत असताना म्हणाला, “साहेब, दाखवून घ्या. लाजायचं काय हाय त्यात?”
लाजत नाही, मला काही झालेलंच नाही, असं मी स्पष्ट केलं. तोवर सुधाने त्याच्याकडून डॉक्टरचा नंबर घेतला होता. तांदूळ मात्र सुरेख आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार
केवळ सुधाच्या समाधानासाठी गेलो. डॉक्टर देवव्रत, गंगापूर रोड. वयाने आमच्या लेकीएवढा, मृण्मयीएवढा असेल. प्रोस्टेट वाढलेली दिसते म्हणाला. रक्त आज घेतलं, सोनोग्राफी सोमवारी. तोवर तीन दिवस नोंद ठेवायची : लघवी किती वाजता झाली, किती मिली झाली. त्यासाठी एक छापील तक्ता दिला आणि पाच-पाच मिलीच्या रेघांचा प्लॅस्टिकचा मग.
मगावर कॅलिब्रेशनचं, म्हणजे माप तपासल्याचं, स्टिकर नाही.
पण काम योग्य माणसाच्या हाती आलं आहे. असा तक्ता त्याने जन्मात पाहिला नसेल.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
६.१० : ६०. ७.०० : ४५. ७.४० : ७०. ८.३० : ३५.
मग सदोष आहे.
दुपारी मग तपासला. खोकल्याच्या औषधाचं दहा मिलीचं झाकण दहा वेळा भरून ओतलं. बरोबर शंभर. सुधा दारात उभी राहून बघत होती.
दिवसभरात चौदा नोंदी. दोषी कोण याचा तपास चालू.

८ नोव्हेंबर, शनिवार
तपास पूर्ण. दोष पद्धतीत आहे. थोडं थोडं चौदा वेळा मोजलं की चौदा वेळा चूक होते. म्हणून सगळं एकत्र करून सहा वेळांत वाटलं : ३००, २५०, ३००, २५०, ३००, ३००. बेरीज जवळजवळ दुप्पट झाली, पण राउंडिंगमध्ये तेवढं चालतं. रात्रीच्या रकान्यात शून्य. रात्री माणूस झोपेत असतो, झोपेतलं माप धरता येत नाही.
याला लबाडी म्हणत नाहीत. करेक्शन फॅक्टर म्हणतात.
कालचं पान नव्याने लिहिलं.

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी १०
आजच्या दिवसभराच्या नोंदी आत्ताच लिहून टाकल्या. वेळ वाचला. निळी शाई, खाली पट्टीने दुहेरी रेघ, कोपऱ्यात सही. फ्रेम करावी अशी तीन पानं झाली आहेत.

१० नोव्हेंबर, सोमवार
सोनोग्राफी झाली. डॉक्टरने माझा तक्ता वाचला, मग रिपोर्ट वाचला, मग पुन्हा तक्ता. प्रोस्टेट एकशे चाळीस ग्रॅम. जाऊन आल्यावरही तीनशे वीस मिली आतच राहते. दोन्ही किडन्यांना सूज यायला लागली आहे. तक्त्याप्रमाणे तुम्ही पंचविशीतले आहात, म्हणाला, आणि सोनोग्राफीप्रमाणे तुम्ही वर्षापूर्वीच यायला हवं होतं. खरं काय धरू?
मशिनं कधीकधी चुकतात, मी म्हणालो.
तेव्हा सुधाने पर्समधून घडी केलेला कागद काढला. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचं ऑक्टोबरचं पान. दूधवाला आला नाही की ती त्यावर फुली मारते. फुल्यांच्या बाजूला बारीक उभ्या रेघा असतात, त्या मला जादा दुधाच्या वाटायच्या. त्या माझ्या रात्री निघाल्या. पाच, चार, पाच, सहा, तीन, पाच. महिनाभर.
मग माझ्या तक्त्यावर बोट ठेवून ती डॉक्टरला म्हणाली, “यांनीच शिकवलंय. सगळे आकडे गोल आले, की पान फाडायचं. फाडा.”
डॉक्टरने फाडलं नाही. फायलीला लावलं. ते जास्त लागलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
घाबरलो आहे. हे फक्त इथे. किडनी हा शब्द ऐकल्यापासून चहासुद्धा घेतला नाही.
ऑक्टोबरच्या रेघा मोजल्या. एकशे त्रेचाळीस. आकडा गोल नाही, म्हणजे खरा. मी उठलो की ती रेघ मारणार, म्हणजे एकशे त्रेचाळीस वेळा तीही जागी होती. मी मात्र रोज सकाळी तिला विचारायचो, एवढ्या जांभया का देतेस.
यावर विचार उद्या.

१२ नोव्हेंबर, बुधवार
ऑपरेशन ठरलं. एवढ्या मोठ्या प्रोस्टेटला गोळ्या पुरणार नाहीत. पोट उघडून करता येतं, लेझरनेही करतात, पण माझ्या बाबतीत रोबोने करावं असं डॉक्टरचं मत. छिद्रं लहान, रक्त कमी जातं, तीनचार दिवसांत घरी. लघवीची नळी मात्र आठवडाभर. मी ताबडतोब हो म्हटलं. किडनीच्या भीतीने नव्हे. एकतीस वर्षं यंत्रं तपासलेल्या माणसाने ही संधी सोडणं बरं नव्हे.
कट्ट्यावर जाहीर केलं. सोमनाथने दोनदा विचारलं, खरंच रोबो? मी म्हटलं, चार हातांचा. डॉक्टर नुसता बाजूला उभा असतो. आठ दिवसांपूर्वी मी ज्या दुखण्याचं नाव घेत नव्हतो, ते आज गंगापूर रोडला सगळ्यांना माहीत झालं आहे. सुधा म्हणाली, इतके दिवस आपलं झाकून ठेवलंत, आता काय मिरवणूक काढताय?
यंत्रासाठी अकरा प्रश्नांची यादी केली. कॅलिब्रेशनची तारीख, हातांची अचूकता, वीज गेली तर काय.

१७ नोव्हेंबर, सोमवार
प्रश्न विचारले. वीज गेली तरी बॅटरी आहे. सर्व्हिसिंग वेळेवर होतं. पण मुख्य गोष्ट निराळीच निघाली. रोबो स्वतःहून काही करत नाही. डॉक्टर बाजूच्या खुर्चीत बसून दोन्ही हातांनी जे करेल तेच आतली अवजारं करतात, फक्त बारीक आणि न थरथरता. म्हणजे कारागीर तो देवव्रतच.
निराशा झाली. थोडं बरंही वाटलं. कट्ट्यावर हे सांगण्याची घाई नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार
दाखल झालो. उद्या सकाळी आठला. संकल्प : भूल चढेपर्यंत यंत्राचं पूर्ण निरीक्षण करणे. शक्य झाल्यास सर्टिफिकेट पाहणे. सुधाने यादी काढून घेतली, मला पाठ आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
निरीक्षण पुढीलप्रमाणे : चार हात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले, दिवाळीनंतर झाकून ठेवलेल्या पंख्यासारखे. पहिला प्रश्न तोंडात होता. डोळे उघडले तेव्हा दुसऱ्या खोलीत होतो आणि सगळं उरकलं होतं.
तृप्ती सिस्टर सांगतात, शुद्धीवर येताना मी प्रत्येकाला विचारत होतो, ड्यू डेट कधीची? (कॅलिब्रेशनची, अर्थात.) एका वॉर्डबॉयने पगाराची समजून एक तारीख सांगितली.

२२ नोव्हेंबर, शनिवार
दत्तू भेटायला आला. नळीच्या पिशवीवरचा आकडा वाकून वाचला आणि म्हणाला, “पाचशे पस्तीस. ह्ये पान कुणी फाडणार नाय, साहेब.” सुधाने सगळं सांगितलेलं दिसतं. हसलो, तर टाके ओढले गेले. दत्तूच्या त्या पानाबद्दल सॉरी म्हणायचं मनात होतं. तेवढ्यात जेवण आलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
नळी काढली. धार बघून मला विशीतलं वसतिगृह आठवलं. किडन्यांची सूज उतरते आहे, प्रोस्टेटचा काढलेला भाग तपासला, त्यात वाईट काही निघालं नाही. सुधाने दोनदा विचारून खात्री केली, मग जिन्यात बसून रडली. मी शेजारी बसलो. शिंकलो, आणि पायजमा बदलावा लागला. काही आठवडे असं होईल, म्हणे.
नवा तक्ता मिळाला. पुन्हा तीन दिवस. खाली ‘तपासणाऱ्याची सही’ असा रकाना सुधाने स्वतः पेनाने आखला.

३० नोव्हेंबर, रविवार
१८५. १३५. २२५. मध्ये एकदा शिंक, अंदाजे एक चमचा. तीही लिहिली. सही : सुधा. एका नोंदीवर तिने प्रश्नचिन्ह टाकलं होतं. पुन्हा पाहिलं, माझंच चुकलं होतं.
कॅलेंडरवर चार रेघा.

१४ डिसेंबर, रविवार
दोन रेघा. सोमनाथबरोबर नाटकाला गेलो, मधल्या रांगेत बसलो. पहिल्या अंकात झोप लागली.
संकल्प : वर्ष संपायच्या आत एक रात्र शून्य. सुधाला पूर्ण झोप मिळाली पाहिजे. यासाठी वाटेल ते करीन.

२८ डिसेंबर, रविवार. सकाळी ७.२०
शून्य! साडेदहाला पडलो तो थेट सातला उठलो. एकदाही नाही. संकल्प मुदतीच्या तीन दिवस आधी पूर्ण. सुधाला सांगायला स्वयंपाकघरात गेलो. कॅलेंडरवर एक रेघ.
खोटी नोंद आहे, म्हणालो. मी उठलोच नव्हतो. एकतीस वर्षांत चुकीची नोंद खपवून घेतली नाही, आता घरात घेणार नाही.
ती जांभई देत चहा गाळत होती. म्हणाली, “ती माझी आहे. तीन वाजले तरी तुम्ही उठला नाहीत, म्हणून श्वास चालू आहे का ते बघायला मी उठले. मग झोपच लागली नाही.”
नोंद तपासली. बरोबर आहे.