तिसऱ्या खुर्चीचं भाडं

भाऊजी,

गेल्या महिन्यात एका सकाळी मी दुकान उघडलं, फरशी पुसली, ब्रश गरम पाण्यात टाकले आणि मागच्या दोरीवर टॉवेल वाळत घालायला घेतले. अकरावा टॉवेल पिळत होते, तेवढ्यात पोस्टमनने तुमचं पत्र हातात दिलं. (आधी तब्येत विचारायची असते, हे विसरलेले नाही. तुमची कंबर कशी आहे? जाऊबाईंचा खोकला? मी बरी आहे. थोरल्या वहिनीचा आशीर्वाद शेवटी ठेवलाय. पत्र संपवलंत तर मिळेल.) चार पानी पत्र, आणि विषय काय, तर कारागिरांचा मोबदला कसा ठरवावा. तीस वर्षं कचेरीत दुसऱ्यांची हजेरी लावलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर ओल्या हातानेच वाचून काढलं. ज्यांच्या डोक्यावर कंगव्याला काम उरलेलं नाही, त्यांनी न्हाव्याच्या दुकानाची एवढी काळजी करावी, मला अगदी भरून आलं.

बांधलेला पगार माणसाला आळशी करतो, हे तुमचं म्हणणं खोटं नाही. तुमचे दादा गेल्यापासून आठ महिने मी दोघा कारागिरांना पगारच देत होते. बडबड्या एकेका मिशीत सगळ्या गल्लीच्या भानगडी सांगून संपवायचा. घुम्या बोलत नाही, पण कात्रीला धार लावत बसायचा. एवढी धार लावली की कात्रीच निम्मी झाली. आणि गुरुजी आले की दोघांची झोंबाझोंबी. गुरुजी तुम्हाला आठवत असतील, त्यांची मान सारखी हलते. मान थांबली की वस्तऱ्याचा एक हात फिरवायचा, हलली की थांबायचं. तुमचे दादा त्यांच्या एका दाढीला तासभर देत. पगारी माणसाला असं गिऱ्हाईक म्हणजे उभ्या उभ्या सुट्टीच. "आज गुरुजी माझे," असं बडबड्या दारातच ओरडायचा, आणि बाकावरची चार माणसं घुम्याच्या गळ्यात.

म्हणून तुमचा पहिला उपाय केला. जितकी डोकी, तितके पैसे. भाऊजी, दुसऱ्या दिवशीपासून दुकानात वारं शिरलं. बँकेतल्या टकल्या साहेबांना दोघांनी दोन हातांना धरून आत ओढलं. एवढा मान त्यांना स्वतःच्या लग्नातही मिळाला नसेल. एकजण पत्ता विचारायला दारात आला आणि दाढी होऊन बाहेर पडला. (पत्ता त्याला कोणी सांगितलाच नाही.) कल्ले एक वर, एक खाली, पण वेग असा की माणसाला ते घरी जाऊनच कळावं. आणि गुरुजी दारात दिसले की बडबड्याला लघवीला लागायची आणि घुम्याचा कंगवा खुर्चीखाली पडायचा. गुरुजी बाकावर बसायचे, आजचं वर्तमानपत्र वाचायचे, मग कालचं, मग खुंट वाढलेले गाल चाचपत घरी जायचे. चार दिवस आले. पाचव्या दिवशी आले नाहीत.

मग तुमचा दुसरा, रामबाण उपाय. खुर्च्याच भाड्याने द्यायच्या, मालकिणीने निवांत बसायचं. मी निवांत बसले. दोन तासांत बडबड्याने फरशीवर खडूने रेघ मारली. आरशावर साबणाची. रेघेच्या पलीकडे केस उडाले की "तुझं गिऱ्हाईक, तुझे केस, तूच उचल." झाडू कोणीच घेईना, घोट्यापर्यंत केसांतून चालायची पाळी. घुम्या तर आठ महिन्यांत पहिल्यांदा तोंड उघडून बोलला. म्हणाला, "पंख्याचा वारा त्याच्याकडे जास्त जातो. विजेचं बिल त्याने जास्त भरावं." गुरुजींना मी स्वतः घरी जाऊन बोलावून आणलं, तर ते उंबऱ्यातच थांबले. म्हणाले, "बाई, मी यातल्या कुठल्या दुकानात जाऊ?"

याचं उत्तर तुमच्या चार पानांतही नाही, मी दोनदा शोधलं.

चौथ्या पानावर तुम्ही लिहिलंय, तिसरी खुर्ची चादर घालून बिनकामाची पडलीय, तीही भाड्याने द्या. नुसतं लिहून थांबला नाहीत, परस्पर कारागीरही ठरवलात. तो उद्या आगाऊ भाडं घेऊन येतोय. भाऊजी, ती खुर्ची बिनकामाची नाही. तिच्यामागे उभं राहणारा माणूस नाही, एवढंच. शेवटचे तीन महिने त्याच खुर्चीत बसवून मी तुमच्या दादांची दाढी करत होते, हे तुम्हाला माहीत नसेल. तुम्ही कामात होता. मान त्यांचीही हलायची. माझा हात घाईला आला की आरशातून डोळे वटारायचे. तोंडाने बोलता येत नव्हतं, पण शिकवायचं सोडलं नाही.

बाकी सगळं ठीक. उद्या त्या माणसाला काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही.

तुमची वहिनी

ता.क. मूळ मुद्दा राहिलाच. तुमच्या दादांचा वस्तरा तुम्ही आठवण म्हणून घेऊन गेलात. जाऊबाईंनी कळवलंय की तुम्ही त्याने पाकिटं फोडता. हे पाकीटही त्यानेच फोडलं असेल तर निदान तो पुसून ठेवा आणि उलट टपाली पाठवा. आशीर्वाद तो पोहोचल्यावर.

ता.क. दुसरं. पत्र पेटीत टाकायचं काल राहून गेलं. आज तुमचा माणूस आला होता. त्याला चहा दिला आणि परत पाठवला. दोघांना सांगितलं, थोडा पगार बांधून, वर थोडं डोक्यामागे, आणि झाडू आळीपाळीने. खडूची रेघ बडबड्याकडूनच पुसून घेतली. मग तिसऱ्या खुर्चीवरची चादर काढली, गुरुजींना बसवलं आणि दुकानातल्याच वस्तऱ्याने त्यांची दाढी केली. सव्वा तास लागला.