विचारायला खाली कोण उतरणार?

प्रिय मास्तर (तिकिटं फाडणारे, शाळेतले नव्हेत),

तुझ्या पायलटचा नमस्कार, आणि पाठीवर एक सणसणीत थाप. पत्रातून ती हलकीच लागेल, पण धरून घे.

आधी घरच्यांची विचारपूस, मग पुढचं. तुझा गुडघा कसा आहे? मी डावा विचारतोय. उजव्याची आशा मी आपण नोकरीत असतानाच सोडली होती. खोकला रात्रीचा उठवतो का अजून? लेकीची पाठ धरली होती, ती सुटली का? तिला म्हणावं, बादल्या जावयाला उचलू दे, त्याने त्याचं पित्तही जरा खाली बसेल. नातीचा पुढचा दात आला की अजून बोलताना शिट्टी वाजते? (वाजू दे. तुझ्यानंतर घरात शिट्टी कोणी तरी वाजवायला हवीच.) आणि वहिनींच्या गच्चीतल्या कुंड्यांना पाणी कोण घालतं? हे मी तब्येतीतच धरतो. इकडे माझी साखर वाढलेली आहे आणि आमच्या सरकारचा, म्हणजे घरच्या सरकारचा, पारा त्याहून वर आहे. का, ते सांगायलाच हे पत्र.

मास्तर, ज्या डोंगरावर जायचं म्हणता म्हणता आपले केस पिकले, त्या मारुतीच्या जन्मस्थानाला मी निघालो आणि परतही आलो. तुला न घेता. थांब, पत्र फाडू नकोस. पुरतं वाच, तुझ्या जिवाला गारवा मिळेल, कारण माझी चांगलीच जिरली.

आठवतं ना, गाडीत पोरं रडायला लागली की तू मारुतीची गोष्ट काढायचास. अंजनीचं पोर जन्मतःच भुकेलं, उगवता सूर्य त्याला पिकलेलं फळ वाटला, आणि घेतली उडी! प्रवासी डोळे विस्फारून तुझ्या तोंडाकडे बघायचे आणि मी आपला समोरच्या ट्रककडे. उभ्या जन्मात ती गोष्ट मी पाठमोरीच ऐकली. त्यात इंद्राने वज्र मारून पोराची हनुवटी फोडली की नेमकं स्टँड यायचं, तू दोरी ओढायचास आणि देवांचं भांडण गर्दीत विरून जायचं. तेव्हा आपलं ठरलं होतं, रिटायर झालो की जाऊ. रिटायर झालो तर तुझ्या लेकीचं लग्न आलं. लग्न झालं तर बाळंतपण. मग वहिनींनीच मनावर घेतलं, चौघं मिळून जाऊ म्हणाल्या, चढायला म्हणून कापडी बूटसुद्धा आणले. बूट राहिले, वहिनी गेल्या. आणि तू जो खोलीत शिरलास तो शिरलासच. फोन केला की लेक म्हणते, बाबा बरे आहेत, खोलीत आहेत. दुसऱ्या दिवशी करावा तरी खोलीतच. पत्रांना उत्तर नाही. म्हणून मी म्हटलं, आपणच जावं, तुझ्या नावाने हात जोडावेत, तिथलं एखादं फूल पाकिटात घालून पाठवावं. देवाचं फूल हातात पडलं तर माणूस निदान उंबऱ्यापर्यंत तरी येईल. हेतू चांगलाच होता रे. (वाटोळं झालेल्या सगळ्या कामांचा हेतू चांगलाच असतो.)

भाड्याची जीप केली. मागे सरकार आणि सरकारचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे मेहुणे. त्यांच्या हातात फोन, फोनात नकाशा, आणि नकाशात एक बाई सारखी डावीकडे वळा म्हणत होती. पुढे मी. जीप चालवणारा पोरगेला, बिचारा सभ्य. मी जुना ड्रायव्हर आहे कळल्यावर म्हणाला, काका, तुम्ही सांगाल तसं. इथेच घात झाला. मी सांगू लागलो. बाई डावीकडे म्हणाली की मी उजवीकडे म्हणायचो, कारण बाईने काही कधी क्लच दाबलेला नाही. होता होता एका फाट्यावर आलो. समोर एकाला एक लागून डोंगर, आणि चहाची टपरी. मेहुणे म्हणाले, दाजी, जरा विचारून घेऊ. मी म्हटलं, उभी हयात स्टीअरिंगवर गेली, कधी खाली उतरून रस्ता विचारला नाही.

आणि मास्तर, हे खरंच आहे ना? मी कधी विचारलं नाही, कारण विचारायला तू उतरायचास. रस्ता फुटला की दार उघडायचं, तू धोतरवाल्याला विचार, भाजीवालीला विचार, त्यांच्या घरचं सुखदुःख विचार, आणि येऊन दोन घंटा दे. मी गिअर टाकायचा. लोक म्हणायचे, ड्रायव्हरला रस्ते काय पाठ आहेत! आणि मीही ते मानून बसलो होतो. त्या दिवशी खाली उतरणारं कोणी नव्हतं, आणि वरचा आपला रुबाब खाली यायला तयार नव्हता. सगळ्यात उंच डोंगराकडे बोट करून म्हटलं, हाच. मारुती काय टेकाडावर जन्मेल?

चढलो. पायऱ्या नाहीत, वाट म्हणजे शेळ्यांनी पाडलेली. सरकार दर झाडाखाली बसायची. तिला चढवायला मी तुझी गोष्ट सुरू केली. सूर्य झाला, उडी झाली, वज्र बसलं, हनुवटी फुटली. पुढे? तिने विचारलं. मी म्हटलं, पुढे डेपो. तेव्हा ती हसली. तिथून पुढे मात्र नाही. माथ्यावर देऊळ नव्हतं, पण एक शेंदरी रंगाचा दगड होता, चांगला गुडघाभर. मेहुणे म्हणाले, हेच मूळ स्थान, अजून कोणाच्या नजरेत आलेलं नाही. आम्ही फुलं वाहिली. मेहुण्यांना गहिवरून आलं, त्यांनी कपाळ टेकवलं. मी डोळे मिटून तुझं नाव घेतलं, तुझ्या गुडघ्याचंही घेतलं, आणि पाकिटासाठी एक फूल उचललं.

तेवढ्यात पलीकडून एक माणूस चढून आला, खांद्यावर पाना. म्हणाला, आजोबा, रंग ओला आहे, हात सांभाळा. पाणीखात्याचा फिटर होता. खालून पाइप गेलाय, तो कुठून गेला ते कळावं म्हणून त्यांनी दगड रंगवले आहेत, असे पलीकडच्या अंगाने पार पायथ्यापर्यंत आहेत. (मेहुण्यांचं कपाळ तोवर शेंदरी झालं होतं. रॉकेलनेही निघालं नाही.) मग मारुतीचा जन्म कुठला? त्याने दरीपलीकडे हात केला. तिथे देऊळ होतं, झेंडा होता, मुंग्यांएवढी माणसं होती. आणि म्हणाला, त्याच्या मागच्या डोंगरावरचेही म्हणतात आमच्याचकडे जन्मला. पण तुम्ही आलात तिथे कोणीच म्हणत नाही.

ऊन उतरलं होतं, गुडघे संपले होते. सरकारने तिथूनच पलीकडे हात जोडले. मला वाटलं, आता तोफ सुटणार. पण ती दगडावर (कोरड्या बाजूने) बसली आणि शांतपणे म्हणाली, पुढची गोष्ट मी सांगते. पोर शहाणं नव्हतं, ऋषींच्या खोड्या काढायचं. त्यांनी शाप दिला, तुला तुझी ताकद आठवणार नाही, दुसऱ्या कोणी सांगितलं तरच आठवेल. मग समुद्रापाशी सगळे हात टेकून बसले, तेव्हा जांबुवंत अस्वल उठून त्याच्यापाशी गेला आणि म्हणाला, अरे, तू कोण आहेस! मग म्हणाली, त्या अस्वलाने फूल नव्हतं पाठवलं. स्वतः उठला होता.

मास्तर, वहिनी गेल्या तेव्हा दोन दिवस आलो होतो, त्यानंतर तुझ्या दारात नाही आलो. फोन केले, पत्रं टाकली, आणि गाडीत बसून वाट बघितली की नेहमीसारखा तूच उतरशील. उतरताना सरकारचा हात धरून आलो आणि जीपमध्ये मागे बसलो. बाई म्हणाली डावीकडे, डावीकडे गेलो.

फूल पाठवत नाही. त्याला रंगाचा वास येतो.

तुझा,
पायलट

ता. क. : मेहुणे सगळ्यांना दर्शन फार छान झालं म्हणून सांगत आहेत, आणि कपाळ दाखवत आहेत. तुझ्याकडे चौकशी झाली तर हो म्हण. म्हातारपणी एवढं तरी असू दे.

ता. क. २ : सरकारने पत्र वाचलं. म्हणते, खरं लिहा. तर खरं असं की चहावाल्याने आपणहून हाक मारून सांगितलं होतं, आजोबा, तो डोंगर नव्हे, पलीकडचा. मी म्हटलं, याला काय कळतंय, आणि त्याच्यापुढून ताठ मानेने गेलो. परतताना त्याच्याचकडे चहा प्यायलो. त्याने काही विचारलं नाही, हे त्याचे उपकार.

ता. क. ३ : येत्या रविवारी मी तुझ्याकडे येतो आहे. खालून हॉर्न देणार नाही; जिना चढून, थेट खोलीत. डोंगराला यायचं की नाही ते तू ठरव. नाही म्हणालास तर तिथेच बसू, कुंड्यांना पाणी घालू. फक्त त्याआधी उत्तर टाक, लवकर. येऊ नकोस असं लिहिलंस तरी मी येणारच आहे, पण लेकीकडून नको, स्वतः लिही. तुझं अक्षर बघून फार दिवस झाले रे.