घड्याळजी काका कुठे जातील?

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे गुडघेदुखीवाले पेशंट व्यायाम टाळतात आणि वर तुझ्यावरच चिडतात, हे वाचून हसलो. माझ्यावर चिडायला घरचाच माणूस पुरेसा आहे. गेल्या रविवारी चर्चमध्ये बाबा उपासना अर्ध्यात टाकून ऑर्गनवरून उठून गेले. मी नरकावर प्रवचन देत होतो. देवाचं प्रेम जो नाकारतो त्याच्या वाट्याला कायमचा अंधार, असं म्हणालो आणि मागे स्टूल करकरलं. बाबांनी चष्मा खिशात घातला, ऑर्गनचं झाकण लावलं आणि मधल्या वाटेने सरळ बाहेर! शेवटचं गीत आम्ही साथीविना गायलो. दुसऱ्याच कडव्यात प्रत्येकाचा सूर वेगळा.

घरी आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, की मग आपला घड्याळजी मेल्यावर कुठे जाणार? काकांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंदच आहे; फुप्फुसं पार गेली आहेत, डॉक्टरांनी हात टेकलेत. आपण देव मानत नाही, हे काका भर चौकात सांगत आले. मी म्हणालो, की निवाडा करणारा मी कोण? त्यावर बाबा म्हणाले, की रविवारी तर तुला सगळं ठाऊक होतं. शाळेपासूनचा दोस्त तिकडे जळत असताना स्वर्गात आपल्याला घास उतरायचा नाही, आणि त्याला विसरून उतरला, तर तो खाणारा आपण नव्हेच, असंही म्हणाले. उत्तर मिळेपर्यंत ऑर्गनला हात लावणार नाहीत म्हणे.

पुस्तकातली उत्तरं मला पाठ आहेत, पण बाबांसमोर एकही तोंडातून निघेना. तुला काय वाटतं ते कळव.

लोभ आहेच, जरा जास्तच लागेल सध्या.
तुझा धाकटा

११ मार्च

चि. पाद्रीबुवांस,
अनेक आशीर्वाद.

आई असती तर तुम्हा दोघांचे कान धरून एका ताटात जेवायला बसवलं असतं.

मी काही शिकलेली धर्मपंडित नाही, पण आठवडाभर तुझं पत्र डोक्यातून जाईना. देवाचं इतकं प्रेम आहे, तर तो सगळ्यांना बखोटीला धरून आत का नेत नाही? मग वाटलं, पेशंटचा गुडघा मी जोर लावून वाकवू शकते, पण त्याच्याऐवजी चालू शकत नाही. म्हणजे माणसाला नाही म्हणायची मोकळीक हवी, इथपर्यंत पटलं. घोडं पुढे अडतं. त्या ‘नाही’ची मुदत कोण ठरवतं? शेवटचा श्वास गेला, की देव दुकानाचं शटर ओढतो का? आणि काका नेमकं कशाला नाही म्हणतात? देवाला, की तुम्ही लोक सांगता त्या देवाला? त्यांना विचारलंस का कधी? बाबा फोनवर म्हणाले, की काका अंथरुणाला खिळल्यापासून तू फिरकलाही नाहीस. जा. आणि जाताना तो उपदेशाचा आवाज घरी ठेवून जा.

तब्येत सांभाळ, माझा राग मानू नकोस.
तुझी ताई

२६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेलो. दुकानावरच्या खोलीत नाकात नळी लावून काका पडले होते. मला पाहताच म्हणाले, की पापं धुवायला आला असशील, तर आंघोळ सकाळीच झाली आहे. मी सरळ विचारलं, की तुम्ही कशाला नाही म्हणता? त्यांनी नाकातली नळी सारखी केली. मग सांगितलं. ते लहान असताना त्यांची तान्ही बहीण बाप्तिस्म्याआधीच गेली. तेव्हाच्या पाळकांनी तिला दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरायला लावलं, आणि ती स्वर्गात जाणार नाही, असं त्यांच्या आईला तोंडावर सांगितलं. ती एकटी कशी राहील, म्हणून त्या पोराने तिथल्या तिथे ठरवलं, की आपणही तिकडेच जायचं.

ताई, मी नाकारणाऱ्यांवर तासभर बोललो होतो आणि हा नकार माझ्या स्वप्नातही नव्हता. मी तिचं नाव विचारलं. त्यांनी ते दोनदा सांगितलं. प्रार्थना करू का म्हटल्यावर म्हणाले, की कर, पण त्यात मला घुसडू नकोस, तिला घे. मी केली. ते उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत राहिले. आमेन म्हणाले नाहीत.

गुरुवारी ते गेले. बहिणीशेजारीच पुरा, असं बाबांना सांगून ठेवलं होतं. चर्चच्या पंचांपैकी दोघांनी मला बजावलं, की पाळकाने भिंतीबाहेर झगा घालून जायचं नाही. मी घालून गेलो. प्रार्थनेत दोघा भावंडांची नावं घेतली. माती लोटल्यावर बाबांनी विचारलं, की देव भिंतीच्या कुठल्या बाजूला असेल? मी म्हणालो, की मला वाटतं, इकडेच.

बाबांनी हाताची माती झटकली. मग म्हणाले, की ‘मला वाटतं’ हे तुझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

पंचांचं बोलावणं येईलच. तुझी माया पाठीशी असू दे.
तुझा धाकटा