अण्णांच्या हातचं टेबल

मंगळवार, ७ एप्रिल

वाट लागली. टेबलाची, आणि माझीही.

सकाळी नणंदेचा, ताईंचा, फोन आला. अण्णांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं, बावीस तारखेला. म्हणाल्या, "त्याआधी, एकोणीसला, रविवारी घेऊन येते त्यांना तुमच्याकडे. एकच धोशा लावलाय - सूनबाईच्या अंगणात, त्या टेबलाशी बसून एकदा चहा प्यायचाय."

ते टेबल म्हणजे अण्णांनी, माझ्या सासऱ्यांनी, हाताने केलेलं शेवटचं काम. त्यानंतर त्यांनी रंधा खाली ठेवला तो ठेवलाच. मी लग्न होऊन आले तेव्हा या घरात सगळे माझ्याशी तोलूनमापून बोलायचे. अण्णा तर बोलायचेच नाहीत! गुपचूप मागच्या अंगणात खटखट करत बसले आणि एक दिवस म्हणाले, "हे तुझं. याच्यावर कोणाचा हक्क नाही." सागवानी टेबल आणि लांब बाक.

फोन ठेवला आणि बाहेर येऊन बघितलं. बाक ठीक होतं, छपराखाली असतं ते. टेबल मात्र उन्हापावसात राखाडी पडलेलं, खालून हिरवं शेवाळं. असं दाखवायचं अण्णांना? छे! शेजारच्या चकाचक काकांकडे गाडी धुवायचं मशीन आहे (माणूस गाडीला रोज आंघोळ घालतो, स्वतः घालतो की नाही देव जाणे). आणलं मागून. काय ते पाणी, बंदुकीतून सुटल्यासारखं! वरून मारलं, खालून मारलं, उलथं करून पायांना मारलं. शेवाळं गेलं, राखाडी गेलं. मी खूश.

दुपारी वाळलं. हात फिरवला आणि चटकन मागे घेतला. लाकडाचा मऊ भाग पाण्याने खाऊन टाकला होता, कडक रेषा तेवढ्या वर. फणीवरून हात फिरवावा तसं लागतंय. एका कोपऱ्यात डाग जात नव्हता म्हणून मी नळी धरूनच ठेवली होती - तिथे तर चर पडलेत.

माझी मेली घाई!

बुधवार, ८ एप्रिल

नवऱ्याने सकाळी बघितलं. "धुतलंस की सोललंस?"

मग त्यालाच वाईट वाटलं असावं. म्हणाला, "सांगून टाक अण्णांना. आणि तसंही त्यांना आता नीट दिसतं कुठे?"

दिसत नाही, पण बोटं आहेत ना! मागे आले होते तेव्हा स्वयंपाकघराच्या दारावरून नुसता हात फिरवला आणि म्हणाले, "इथे भोक बुजवलंय कोणीतरी." रंगाखालचं! मला स्वतःला ते शोधून सापडत नाही. डोळ्यांचं काय घेऊन बसलात, असं तेच म्हणतात - "डोळे गेले तर जाऊ देत, बोटं शाबूत आहेत माझी."

नाही सांगणार. ऑपरेशनच्या तोंडावर माणसाला हे सांगायचं? पूर्वीसारखं करून ठेवणार, बस्स.

गुरुवार, ९ एप्रिल

हार्डवेअरवाल्याकडे गेले. मोबाइलवरचा फोटो बघून तो आधी पोटभर हसला. "बाई, साबणाचं पाणी, मऊ ब्रश, रेषेच्या दिशेने हलक्या हाताने. एवढंच करायचं असतं. राखाडी रंग म्हणजे घाण नव्हे, ऊन खाल्लं की साग राखाडी होतोच."

झालं ते झालं, पुढचं सांगा म्हटलं. त्याने पॉलिश पेपर दिले - खरखरीत, मधला, बारीक. याच क्रमाने घासायचं. घाई करायची नाही, म्हणाला. माझ्या कपाळावर लिहिलंय की काय!

शुक्रवार, १० एप्रिल

घासतेय. खांद्याचे तुकडे पडलेत.

रविवार, १२ एप्रिल

आज जरा बरं वाटलं. टेबलाचा वरचा भाग सपाट होत आला. नवऱ्यानेही एक बाजू घासून दिली, तोंड वाकडं करून का होईना. कोपऱ्यातले चर काही केल्या जात नाहीत. पेपर संपला आणि आज दुकान बंद. मग भांड्यांची तारेची घासणी घेतली. चांगलं निघतंय की! हे आधी का सुचलं नाही? शेवटी ओल्या फडक्याने पुसून घेतलं.

सोमवार, १३ एप्रिल

सुचलं नव्हतं तेच बरं होतं!

टेबलावर काळे ठिपके. सगळ्या कोपऱ्यात. शाई शिंपडल्यासारखे. हार्डवेअरवाल्याला फोन केला तर त्याचा पहिलाच प्रश्न - "तार वापरलीत?" लोखंडाचा चुरा ओल्या सागात गेला की काळा पडतो म्हणे. जगात सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त मला नंतर कळतं.

रडले. भांड्यांच्या आवाजात रडले, म्हणजे नवऱ्याला कळू नये. याला कळलंच.

बुधवार, १५ एप्रिल

लाकूड उजळायची पांढरी पावडर आणली. हातमोजे घालून, पाण्यात कालवून लावली, मग स्वच्छ पाण्याने धुतलं - बादलीने! मशीनकडे बघितलंसुद्धा नाही. ठिपके गेले. खरंच गेले!

संध्याकाळी ताईंचा फोन. आवाज बारीक केला होता, म्हणजे अण्णा जवळपास असणार. "डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं गं. वय, साखर, सगळंच... टेबलावरच काही झालं तर तयारी ठेवा म्हणाले." मला क्षणभर हेच टेबल डोळ्यांपुढे आलं. इतकी मी यात बुडालेय.

मग अण्णांनीच फोन ओढून घेतला. "काय घाईबाई! टेबल कसंय माझं?"

"मस्त," मी म्हटलं. "अगदी तुम्ही ठेवलं होतं तसं."

"वा! मग येतोच."

आता आली का पंचाईत!

गुरुवार, १६ एप्रिल

वाळलं. बारीक पेपर शेवटचा फिरवला आणि जवसाचं तेल लावलं. फडक्याने, रेषेच्या दिशेने, थोडं थोडं. तेल लागलं आणि आतून रंग वर आला. मधासारखा. मी हातातलं फडकं तसंच धरून बघत बसले. इतकं सुंदर होतं हे? राखाडी पडायच्या आधी रोज याच्यावर चहाचे कप आपटत होते मी, आणि कधी बघितलंच नाही.

कोपऱ्यात अजून लागतं बोटाला. किंचित. मला लागतं म्हणजे अण्णांना लागणारच.

शुक्रवार, १७ एप्रिल

घर पेटता पेटता वाचलं.

काल तेलाची फडकी गोळा करून प्लॅस्टिकच्या बादलीत कोंबली होती, मागच्या दाराशी, टेबलाच्या पायाला लागून. आज सकाळी याची हाक - "अगं धूर! धूर!" धावत आले तर बादलीतून धूर, आणि बादली एका बाजूने वितळलेली. कोणी काडी लावली नाही, काही नाही! याने बादली लाथेने अंगणाच्या मध्यात उडवली आणि पाइप सोडला. पायाला चटका बसलाय त्याच्या.

हार्डवेअरवाला म्हणाला होता. आता आठवतंय, तेलाचे पैसे देऊन निघाले तेव्हा मागून ओरडून सांगत होता, "फडकी पसरून वाळवा, गोळा करून ठेवू नका, आपोआप पेटतात!" मी तोवर रस्त्यावर. नेहमीसारखी.

मग जे साचलं होतं ते सगळं निघालं. हा ओरडला, "एका टेबलापायी घर जाळणार होतीस! खोटं बोलून पाठवणार आहेस माझ्या बापाला ऑपरेशनला?"

"मग खरं सांगून पाठवू? अण्णा, तुमचं शेवटचं काम तुमच्या सुनेने सोलून काढलं म्हणून?"

"शेवटचं, शेवटचं काय लावलंयस!" आणि त्याचा आवाजच फुटला.

तेव्हा मला कळलं. गेला आठवडाभर मी टेबल घासतेय आणि हा बापाची काळजी गिळून बसलाय. मी त्याला विचारलंसुद्धा नाही. त्याच्या पायाला मलम लावलं.

शनिवार, १८ एप्रिल

ठरलं. सांगणार. उद्या आल्या आल्या, चहाच्या आधी. कान धरून सांगणार - अण्णा, मी घाई केली, तुमचं टेबल बिघडवलं, मग जमेल तसं नीट केलं. रागावले तर रागावू देत. माझ्यावर रागावून ऑपरेशनला गेले तर निदान खडसावायला परत तरी येतील.

याला सांगितलं. "शहाणी," म्हणाला. डोक्यावर टप्पल मारली.

रविवार, १९ एप्रिल, सकाळ

देवा! खालची बाजू!

आत्ता पेपरचा तुकडा खाली पडला म्हणून वाकले, आणि कडेच्या खालून हात लागला तर सगळी कुसळंच कुसळं. त्या दिवशी शेवाळं काढायला खालूनही मशीन मारलं होतं. मी मूर्ख दहा दिवस नुसती वरून घासत बसले. आणि अण्णांची सवय मला आत्ता आठवावी? कुठल्याही टेबलाशी बसले की त्यांचा हात आधी खाली जातो. कोणाच्या घरी, दुकानात, दवाखान्यात, कुठेही. "वरून सगळेच गुळगुळीत करतात. सुताराचा हात खालून कळतो."

जमिनीवर उताणी पडून घासतेय. केसांत भुसा, डोळ्यांत भुसा. निम्मी कडही झाली नाही. सांगायचंच आहे म्हणा, पण माझ्या तोंडून कळायला हवं, त्यांच्या बोटांना आधी नको.

गाडीचा हॉर्न. आले!

रविवार, संध्याकाळ

अण्णा बाकावर बसले. मी म्हटलं, "अण्णा, एक सांगायचंय" - तोवर हात खाली गेलासुद्धा. न घासलेल्या बाजूला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. नवरा माझ्याकडे बघतोय, मी फरशीकडे.

"लोणी!" अण्णा म्हणाले. "अजून लोणी आहे बघ. शाबूत आहेत बोटं माझी."

हात वर आला. मधल्या बोटात हे एवढं कुसळ, मांसात रुतलेलं. रक्ताचा ओघळ पार तळव्यापर्यंत, आणि त्यांना पत्ताच नाही. त्याच हाताने त्यांनी कप उचलला, घोट घेतला, हसले. "काय सांगत होतीस गं?"

"काही नाही अण्णा," मी म्हटलं. "चहात साखर नाही घातली, एवढंच."