कमळीसंगं फुगडी

४ मे
दुकानात मिरच्या आल्या. पोतं सोडलं अन् शिंका सुरू. दर शिंकेला लघवी सुटली, साडी ओली. समोर गिऱ्हाईक, मी गल्ल्यामागं तशीच बसून. हे म्हणले, ऊठ की, गूळ दे. उठू कशी? धाकटीच्या बाळंतपणापासूनचं हे. सिस्टरबाईनं शिकवलेले व्यायाम पण करून झाले. फरक न्हाई.

९ मे
माहेरी, लिंबागणेशला, नागपंचमीला ये म्हणून भावाचा फोन. दरसाल बोलावतो, दरसाल मी थाप मारते.
कमळी आठवली. देवळामागं आम्हा दोघींची फुगडी लागली की बाकीच्या पोरी थांबून बघायच्या. हसून हसून पोट दुखायचं. तवा हसायचं भ्या नव्हतं. लई आठवण येतीय तिची...

२१ मे
बीडला गेलते. डॉक्टरीणबाईंनी खोकायला लावलं, तपासलं. ऑपरेशन करू म्हणल्या. आमच्याकडं बायांचं ऑप. म्हणजे गर्भाची पिशवीच काढणार! तोंडावर विचारलं. पिशवीला हात लावत न्हाई म्हणल्या. लघवीच्या वाटेखाली जाळीची बारीक पट्टी, टेकू म्हणून. कधी लघवी अडते, कधी पट्टी टोचते, हे पण सांगितलं.
येताना यष्टीत यांना सगळं बोलले. म्हणले, आधी सांगायचं की. मेल्याहून मेल्यासारखं झालं. बरं पण वाटलं.

१२ जून
झालं एकदाचं. काल ऑप., आज लघवी नीट होतीय बघून सोडलं. ओझं उचलायचं न्हाई. हे पोती ओढतायत अन् कण्हतायत. कळू दे जरा.

५ जुलै
मिरच्या. शिंकले. कोरडी! मुद्दाम परत डबा हुंगला. हे म्हणले, येडी झाली का? रडूच आलं.

पंचमी, लिंबागणेश
डॉक्टरीणबाईंनी फुगडीला हो म्हणलंय. कमळी भेटली, केस पांढरे. हात पुढं केले तर म्हणती, गुडघा धरलाय. मग बायांत चेष्टा निघाली, सगळ्या हसल्या. कमळीनं मांडीवर मांडी आवळली, पदर तोंडाला. मी अशीच बसायचे. बाजूला नेऊन माझं सगळं सांगितलं. तिनं हळूच विचारलं,
"पिशवी न्हाई ना काढली?"
"न्हाई गं. चल बीडला माझ्यासंगं, डॉक्टरीणबाईंना तूच इचार."
हो म्हणली न्हाई, न्हाई पण म्हणली न्हाई. हात मात्र घट्ट धरून ठेवला. देवळामागं पोरींची फुगडी रंगलेली. आम्ही दोघी बघत बसलो.