गिरवलेला लोहार

रवि. ८ जाने. २०१७
सकाळी चित्रमंडळ, केळकर सरांच्या घरी. सर शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंगचे मास्तर. व्हिडिओ गेम आयुष्यात खेळले नाहीत. बाकी सगळी विशीतली पोरं, मला ‘काका’ म्हणतात. नियम जुनाच : ज्याचं चित्र भिंतीवर, त्याने सगळ्यांचं बोलून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही.

आज माझं चित्र लावलं, गेममधली तलवारवाली बाई. “छान आहे, काका.” छान! पाहुण्यांना दिलेले पोहे आहेत का ते? सर म्हणाले, “मान काढायची राहिली, की गेममध्ये माणसांना मान नसते?”

मंडळातली नेहा एका गेम बनवणाऱ्या स्टुडिओत आहे. तिथे चित्रकाराची जागा निघालीय. मंडळातल्या दोघा-तिघांच्या चित्रांच्या फायली ती घेऊन जाणार. माझी जायलाच हवी. चाळिशीला टेकलो, पुन्हा कोण विचारतंय.

बुध. ११
खराडीला ऑफिस. दिवसभर सॉफ्टवेअर तपासलं. दुसऱ्यांच्या चुका काढून काढून जीव विटलाय. बसने खडकीला घरी पोचेपर्यंत पेन्सिल धरायचं त्राण उरत नाही. तरी नवीन चित्र घेतलं. लोहार. गेमच्या पहिल्याच गावात उभा असतो, येईल त्याची तलवार दुरुस्त करतो. त्याच्याकडे बघतं कोण!

शनि. १४
लोहार झाला. खरंच झाला! मानेच्या शिरा, पडलेले खांदे, सगळं. बायकोने चहा ठेवता ठेवता पाहिलं. “अहो, हा आत्ताच तुमच्या बसमधून उतरल्यासारखा दिसतोय.”
मंडळात इतकं नेमकं कुणी बोललेलं नाही.

रवि. १५
लोहार भिंतीवर. सगळे उठून जवळ आले. मग ओंकार, मंडळातला सगळ्यात तयार हात : “काका, सॉरी, पण हा ट्रेस केलेला वाटतोय.” म्हणजे स्क्रीनवर कागद ठेवून गिरवलेला. आणखी दोघांनी माना डोलावल्या.

नियमाप्रमाणे मी गप्प. राग यायला हवा होता. पण आत आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. इतकं चांगलं, की माझं वाटत नाही! तेवढ्यात सर म्हणाले, “हं, बोला आता.” मी नुसता बावळटासारखा हसलो.
झालं. तीच कबुली धरली सगळ्यांनी.

सोम. १६
बायको भडकली. “मूग गिळून बसलात? मी पाहिलंय तुम्हाला काढताना. थांबा, मीच सांगते त्या ओंकारला.” नको म्हटलं. मग म्हणे, कच्ची चित्रं दाखवा. कुठली आणू? एकाच कागदावर खोडत खोडत काढतो मी.

सरांना फोन केला, बायकोने काढताना पाहिलंय म्हटलं. “बायकोची साक्ष घरात चालते. रविवारी या आणि समोर काढा.” ठेवला फोन.

गुरु. १९
डोकं ठणकतंय. घरी येऊन खांदे काढून पाहिले. आले की! मग कशाला घाबरतोय...

रवि. २२
समोर काढला. खोडरबर उचललं की सगळे वाकून बघायचे. नाक बरोबर, खांदे बरोबर, पण माणसात जीव नाही. भिंतीवर दोन्ही लोहार शेजारी शेजारी. ओंकार अगदी मऊ आवाजात म्हणाला, “छान आहे, काका.” मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग सरांनी मान हलवली, म्हणजे बोलायची माझी पाळी.

“सर, घरी बरं येतं हो मला. खरंच.”

माझंच मला ऐकवेना. चूक दाखवली की प्रोग्रॅमर मला हेच सांगतात, “आमच्या मशीनवर तर चालतंय.” इतक्या वर्षांत एकाचंही खरं मानलेलं नाही मी.

निघताना नेहाने दोन्ही चित्रं उतरवून आपल्या बॅगेत घातली. स्टुडिओत नेणार की पुढच्या रविवारी परत देणार, विचारायचा धीर झाला नाही.