एका कापडाच्या तीन पँटी

प्रिय चिमे,

पत्र बघून हसशील. ताईचा फोन बंद पडला की काय, म्हणशील. चालू आहे गं. पण फोनवर तू बोलायला लागलीस की मला काय सांगायचं होतं तेच मी विसरते. कागदावर निदान मला मध्येच तोडता यायचं नाही तुला.

काल तुझा नवा व्हिडिओ पाहिला, सलग चार वेळा. एकवीस दिवस नुसतं काकडीचं पाणी आणि संध्याकाळी एक सफरचंद. भूक लागली तर समजायचं, शरीर स्वच्छ होतंय. अंगावर काटा आला माझ्या. सहा लाख माणसं ऐकतात आणि प्रत्येकाला वाटतं, ही माझ्याशीच बोलतेय. कुठून आणलीस गं ही विद्या? लहानपणी तू मला पटवलं होतंस की बटण गिळलं की उंची वाढते. तुझ्याहून पाच वर्षांनी मोठी मी, तरी गिळलं. आई रडकुंडीला आली होती आणि तू शांतपणे मला भिंतीशी उभी करून माझी उंची मोजत होतीस.

गेल्या वर्षी तू दुकानात येऊन एकाच निळ्या कापडाच्या तीन पँटी शिवायला टाकल्यास. एक तुझ्या मापाची, एक कमरेत चार इंच मोठी, एक आठ इंच. नाटकासाठी म्हणालीस. मग व्हिडिओत पाहिलं, जणू तीच एक पँट दर महिन्याला सैल होत गेली आणि तीन महिन्यांत तू बारीक होत गेलीस. खिडकीतलं ऊन मात्र तिन्ही वेळा त्याच फरशीवर होतं. काय डोकं आहे पोरीचं, म्हणून मी पोट धरून हसले. आणि आता खरं सांगू? शिवण माझ्या हातची, तरी दुसऱ्या दिवसापासून मी जेवण सोडलं. चौथ्या दिवशी मशीनवर चक्कर आली, सुई बोटात गेली, तेव्हा शुद्धीवर आले. तेव्हापासून तुझ्यापुढे मी थक्कच आहे.

परवा तुझ्या भाचीचा गणवेश शिवायला घेतला. सुट्टीआधी तिची कंबर पंचवीस होती. आता बावीस भरली. टेप दुमडली असेल म्हणून पुन्हा लावली. बावीसच. उशीवर केसांचे पुंजके, हात बर्फासारखे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठोके मंद झालेत, आठवडाभरात खायला लागली नाही तर दवाखान्यात ठेवावं लागेल. पोर चौदा वर्षांची आहे, चिमे.

घरी येऊन मी कपाटातून त्या तिन्ही पँटी काढल्या. तू परत आणून टाकल्या होत्यास ना, त्याच. तिच्यापुढे पसरल्या आणि सगळं सांगितलं, एकाच दिवशी शिवल्या, एकाच दिवशी दिल्या. तिने शिवणीवरून बोट फिरवलं आणि मायेने, मलाच समजावल्यासारखं म्हणाली, "मावशी बारीक होत गेली म्हणूनच तू तीन शिवल्यास ना, आई?"

चार इंचांचा फरक डोळ्यांनी ओळखणारी बाई मी, पण त्या क्षणी मलाही वाटून गेलं, असेल बाई तसंच.

रागावून लिहीत नाहीये. रागवायचं ते मी स्वतःवर रागावले, हसले होते म्हणून. तिच्या बाबांनी समजावून पाहिलं, मी हात जोडले. ताट तसंच उचलावं लागतं. पाच वाजले की मात्र ती तुझ्या व्हिडिओसाठी फोन धरून बसते. म्हणून पँटी या पत्रासोबत पाठवतेय. एकाच व्हिडिओत, कॅमेरा बंद न करता, तिन्ही एकामागून एक घालून दाखव. लोक तुला सोडून जातील, शिव्या देतील, मला कळतं. तरी दाखव. मग नेहमीसारखी सरळ कॅमेऱ्यात बघ आणि म्हण, जेव. तिचं नाव घ्यायची गरज नाही. तू तिच्याशीच बोलतेयस, असंच तिला वाटेल.

तुझीच,
बटण गिळलेली ताई